दोन थेंबांत चारावरून दहावर!

शंकूपात्रात 25 मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही 0.1 मोलार. 24.95 मिली अल्क पडून गेलंय. सामू किती असेल? फक्त 4! आता आणखी दोन थेंब सोडा, म्हणजे जेमतेम 0.1 मिली. सामू थेट 10! हायड्रोजन आयनांची संहती दहा लाख पटींनी घटली. अख्ख्या अनुमापनातला सगळा थरार या दोन थेंबांत आहे.

त्याआधी मात्र नुसती रांगण्याची गती. सामू 1 पासून निघतो आणि निम्मं आम्ल संपलं तरी दीडपर्यंतच पोचतो. 24 मिलीलाही 2.7च. मोजपट्टी लॉगरिदमची, त्यामुळे एक अंक चढायला आयन दहापट कमी व्हावे लागतात. साठा भरपूर असताना थेंबाला कोण विचारतो? चिमूटभर उरल्यावर त्याच थेंबाचा दणका बसतो. ही मोजपट्टी 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सॉरेन्सन यांनी आखली. होय, बिअरवाल्या कार्ल्सबर्गचीच प्रयोगशाळा!

व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लाची तऱ्हा निराळी. तितक्याच संहतीचं घेतलं तर ते सुरूच 2.9च्या आसपास होतं, निम्म्या वाटेवर 4.76 दाखवतं (हाच त्याचा पीकेए, फुकटात हाती येतो) आणि समतुल्य बिंदूला 7 नव्हे, 8.7 वर पोचतं. इथे रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक म्हणून मिथिल ऑरेंज घालाल तर फसाल: ते 4.4ला पूर्ण पिवळं होतं, म्हणजे 25 ऐवजी साडेसात मिलीच्या सुमारासच! इथे फिनॉल्फ्थॅलिनच हवं.

फॉस्फोरिक आम्लाकडे देण्यासारखे हायड्रोजन तीन, पण आलेखावर उड्या दोनच दिसतात. तिसरा इतका चिवट की पाण्यात त्याची उडी उमटतच नाही.

दर्शक आपल्या देवघरातही आहे. हळदीचा पिवळा रंग साधारण 7.4 ते 8.6 सामूच्या दरम्यान लालसर होतो. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, ते याच गुणावर.

प्रॅक्टिकलला बसणाऱ्यांनो, शेवटचा मिलीलिटर थेंबाथेंबानेच सोडा आणि पात्र हलवत राहा. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की रीडिंग घ्या. नंतर रंग उडाला तरी आणखी थेंब टाकू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू खाली आलेला असतो, तुमचं उत्तर बरोबरच असतं.