शीर सापडत नाही
(मृत्युदंडाच्या पद्धती : लेखांक सहावा)

आपल्या माणसाला सलाईन लावताना जो उभा राहिला आहे, त्याला ‘शीर सापडत नाही’ हे वाक्य ठाऊक असतं. नर्स मनगटावर टिचक्या मारते, मूठ वळायला सांगते, दुसरा हात बघते आणि शेवटी म्हणते, ‘भूलतज्ज्ञांना बोलवा.’ विषारी इंजेक्शनच्या शिक्षेत सुई हाती धरायला असा तज्ज्ञ सहसा मिळत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेचा नियमच आहे, की डॉक्टरने मृत्युदंडात भाग घेऊ नये. मला तो नियम योग्य वाटतो. पण त्यामुळे वैद्यकीय दिसणारं हे काम पुष्कळदा कच्च्या हातांकडे जातं.

ही पद्धत १९७७ मध्ये ओक्लाहोमा राज्याने कायद्यात आणली. विजेच्या खुर्चीचे हाल मागच्या लेखांकात पाहिले. त्यापेक्षा सौम्य काही हवं होतं. राज्याचे शवचिकित्सक जे चॅपमन यांनी तीन औषधांचा क्रम सुचवला. आधी थायोपेंटल, म्हणजे भूल. मग पॅनक्युरोनियम, ज्याने सगळे स्नायू लुळे पडतात. शेवटी पोटॅशियम क्लोराईड, ज्याने हृदय थांबतं. ७ डिसेंबर १९८२ रोजी टेक्सासमधल्या हंट्सव्हिलच्या तुरुंगात चार्ल्स ब्रुक्स याला या पद्धतीने पहिल्यांदा मारण्यात आलं.

या तिघांतलं मधलं औषध मला सर्वांत भयानक वाटतं. भूल नीट लागली नसेल, तर कैद्याचा श्वास कोंडतो आणि पोटॅशियम शिरांतून आग पेटल्यासारखं जातं. पण त्याला ओरडता येत नाही, पापणीही हलवता येत नाही. काचेपलीकडे बसलेल्या साक्षीदारांना दिसतो तो शांत झोपलेला माणूस. शस्त्रक्रियेत असंच औषध देतात तेव्हा भूलतज्ज्ञ रुग्णाच्या उशाशी बसून क्षणाक्षणाला नजर ठेवतो. इथे औषध ढकलणारे बहुधा भिंतीआड असतात. मध्ये फक्त लांब नळी.

२९ एप्रिल २०१४ रोजी त्याच ओक्लाहोमात क्लेटन लॉकेट याला टेबलावर बांधलं होतं. हात, मान, पाय, सगळीकडे टोचून झालं. पाऊण तासाहून अधिक वेळ गेल्यावर जांघेतली शीर धरली आणि लाज राखण्यासाठी वर चादर ओढली. भुलीसाठी या वेळी मिडाझोलम हे वेगळं औषध होतं. तो बेशुद्ध असल्याचं जाहीर झालं, पुढची औषधं सोडली, आणि लॉकेट मान उचलून पुटपुटू लागला, अंगाला झटके देऊ लागला. अधिकाऱ्यांनी पडदा पाडला. चादर उचलली तेव्हा जांघेत चेंडूएवढी सूज होती. औषध नीट शिरेत जात नव्हतं, मांसात झिरपत होतं. पहिलं औषध दिल्यापासून ४३ मिनिटांनी तो मेला.

थायोपेंटल सोडून मिडाझोलम का वापरावं लागलं, या कहाणीत मुंबईही येते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एकमेव उत्पादकाने थायोपेंटल बनवणं थांबवलं, युरोपनेही निर्यातीवर बंधनं घातली. तुटवडा जाणवू लागताच नेब्रास्का राज्याने मुंबईच्या कायेम फार्मास्युटिकलकडून ते मागवलं होतं. हे औषध कशासाठी जातंय यावरून ओरड झाली, तेव्हा एप्रिल २०११ मध्ये कंपनीने या कामासाठी विक्री बंद केल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे लष्करी कायदे सोडले तर कायद्यात फाशीच आहे. विधी आयोगाने २००३ च्या अहवालात फाशीबरोबर विषारी इंजेक्शनचाही पर्याय ठेवण्याची शिफारस केली होती. ‘सुई टोचली की झोप’ एवढ्यावर तिचं समर्थन करणाऱ्यांनी लॉकेटच्या मृत्यूच्या चौकशीचा अहवाल वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अलाबामात केनेथ स्मिथ याला असंच बांधून वारंवार टोचलं. शीर मिळेना, हुकमाची मुदत संपणारी मध्यरात्र जवळ आली, आणि त्याला जिवंत परत कोठडीत नेलं. जानेवारी २०२४ मध्ये त्याला पुन्हा आणलं, तेव्हा सुई नव्हती. तोंडावर मुखवटा बांधून नायट्रोजन सोडला. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.