घरच्या शाळेचा अभ्यासक्रम

अकरा ते चौदा ही वर्षे शिक्षणाच्या दृष्टीने मोठ्या स्थित्यंतराची असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सहावी ते आठवी या इयत्तांना ‘मध्य स्तर’ असे नाव दिले आहे. या स्तरावर विषय एकमेकांपासून वेगळे होऊ लागतात, अंकगणितातून बीजगणित उगवते आणि ‘असे का?’ या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर पुरेनासे होते. मुलाचे दीर्घ आजारपण, वडिलांच्या वारंवार होणाऱ्या बदल्या, शाळेचे अंतर किंवा शाळेच्या रीतीशी न जुळणारा मुलाचा स्वभाव, अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने जे पालक याच वयात मुलाला घरी शिकविण्याचे ठरवितात, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अभ्यासक्रमाचा. काय शिकवावयाचे, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ?

या प्रश्नाचे सर्वांत सोपे वाटणारे उत्तर म्हणजे शाळेचे वेळापत्रक उतरवून घेऊन घराच्या भिंतीवर लावणे. पण शाळेचे वेळापत्रक ज्या परिस्थितीसाठी आखलेले असते ती परिस्थिती घरात नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस व १००० अध्यापनाचे तास सांगितले आहेत. म्हणजे दिवसाला सुमारे साडेचार तास. हे तास एका शिक्षकामागे ३५ पर्यंत मुले असतील असे गृहीत धरून मोजलेले आहेत. हजेरी, वह्या तपासणे, मागे पडलेल्यांसाठी थांबणे हे सर्व त्यांत येते. समोर एकच मूल असताना तोच भाग पुष्कळ थोड्या वेळात होतो. तेव्हा उरलेला वेळ आणखी विषयांनी भरून काढण्याचा मोह आवरणे, ही आखणीतील पहिली पायरी होय.

हा मोह नवा नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जीवनस्मृती’त आपल्या बालपणीच्या दिनक्रमाचे वर्णन केले आहे. घरातील मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांचे वडीलबंधू हेमेंद्रनाथ यांच्याकडे होती. पहाटे कुस्ती, मग अस्थिशास्त्र, त्यानंतर गणित, इतिहास व भूगोल, दिवसा शाळा, परत आल्यावर चित्रकला व व्यायाम आणि रात्री दिव्याच्या उजेडात इंग्रजी, असा तो क्रम होता. इंग्रजीच्या वेळी डोळे झोपेने मिटत. योजनेमागील हेतू उदात्त होता. परंतु तीत मुलाला स्वतःचा असा वेळच उरला नव्हता.

१८७३ साली, बाराव्या वर्षाच्या सुमारास, रवींद्रनाथ आपले वडील देवेंद्रनाथ यांच्यासमवेत प्रवासाला निघाले. बोलपूर, अमृतसर आणि शेवटी हिमालयातील डलहौसी असा हा प्रवास होता. येथे विषय मोजकेच होते. पहाटे संस्कृत, दिवसा थोडे इंग्रजी आणि रात्री तारे पाहत खगोलशास्त्र. वडील प्रॉक्टरच्या पुस्तकांतील भाग सोपा करून सांगत आणि मुलगा तो बंगालीत लिहून काढी. बोलपूरला असताना किरकोळ खर्चाचा हिशेब ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते. वडिलांच्या सोन्याच्या घड्याळाला किल्ली देण्याचेही. किल्ली इतक्या उत्साहाने दिली गेली की घड्याळ लवकरच दुरुस्तीला पाठवावे लागले. तरीही डोंगरात एकट्याने भटकण्याची मुभा काढून घेतली गेली नाही. काही निश्चित विषय, एक खरी जबाबदारी आणि मोकळा वेळ या तीन गोष्टी कोणत्याही घरी आखता येण्यासारख्या आहेत.

दुसरे उदाहरण सावधगिरीचा इशारा देणारे आहे. मोहनदास गांधी १८९७ साली कुटुंबासह डर्बनला आले, तेव्हा युरोपियन मुलांच्या शाळेत आपल्या मुलांना अपवाद म्हणून प्रवेश मिळविणे त्यांना योग्य वाटले नाही. त्यांनी घरीच शिकविण्यास प्रारंभ केला. दरमहा ७ पौंड वेतनावर एक इंग्रज शिक्षिका नेमली; स्वतः ते मुलांशी गुजरातीतच बोलत. पुढे जोहान्सबर्गला कचेरीत जाता-येता मुले त्यांच्याबरोबर चालत आणि त्या वाटेवर शिक्षण होई. तथापि, मुलांना हवा तितका वेळ आपण देऊ शकलो नाही आणि याबाबत त्यांनी तक्रार केली तर ती निराधार म्हणता येणार नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात मान्य केले आहे. थोरला मुलगा हरिलाल १९११ साली वडिलांपासून दूर झाला. औपचारिक शिक्षणाची अपुरी राहिलेली ओढ हे त्यामागील एक कारण होते. यावरून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुलाचे तास मोजण्यापूर्वी शिकविणाऱ्याचे तास मोजावे लागतात. जो पालक दिवसातून दोनच तास निश्चितपणे देऊ शकतो, त्याने दोनच तासांची योजना करावी. उरलेला वेळ मुलाचे स्वतंत्र वाचन, हस्तव्यवसाय, खेळ किंवा बाहेरील एखाद्या शिक्षकाचा वर्ग यांना द्यावा.

यानंतर विषयांचा विचार. सर्व विषयांची घडण एकसारखी नसते. काही विषय जिन्यासारखे असतात. खालची पायरी चढल्यावाचून वरची गाठता येत नाही. गणित हे त्याचे ठळक उदाहरण. अपूर्णांक कच्चे असतील तर गुणोत्तर समजत नाही, गुणोत्तर नसेल तर शेकडेवारी व व्याज ही केवळ सूत्रे होऊन बसतात आणि बीजगणितातील समीकरणेही अडू लागतात. नवी भाषा शिकणे हेही याच जातीचे. इतिहास, भूगोल आणि विज्ञानाचा बराचसा भाग मात्र मोकळ्या शेतासारखा असतो. त्यात कोणत्याही बांधावरून शिरता येते. म्हणून जिन्यांच्या विषयांना रोज थोडा पण न चुकणारा वेळ द्यावा, आणि शेतांच्या विषयांना पाच-सहा आठवड्यांचा एकेक सलग घटक करून घ्यावा. एका वेळी असा एकच घटक चालू असला म्हणजे पुरे.

जिन्याच्या विषयात प्रारंभ कोठून करावयाचा हे मुलाच्या वयावरून न ठरविता त्याला काय येते यावरून ठरवावे. बारा वर्षांच्या मुलाला पाचवीचे अपूर्णांक येत नसतील तर सहावीचे पुस्तक उघडण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पाठ्यपुस्तके महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. मागील दोन इयत्तांतील प्रत्येक प्रकरणातून दोन-तीन उदाहरणे निवडून ती मुलाकडून सोडवून घेतली की कच्ची पायरी नेमकी सापडते. ही परीक्षा नसून पाहणी आहे, हे मुलाला आधी सांगावे.

शेतासारख्या विषयांचा घटक कसा बांधावा हे पाहण्यासाठी जबलपूरमधील एखाद्या मुलाची कल्पना करू. त्याच्या शहराजवळून नर्मदा वाहते. अमरकंटक येथे उगम पावून १३१२ किलोमीटरचा प्रवास करून ती खंभातच्या आखाताला मिळते, हा भूगोल झाला. गोदावरी व कृष्णा पूर्वेकडे वाहत असता ही नदी विंध्य व सातपुडा यांच्यामधून पश्चिमेकडे का वाहते, या प्रश्नातून खचदरीची कल्पना येते. काठावरील महेश्वर ही अहिल्याबाई होळकरांची राजधानी होती. तेथून इतिहास सुरू होतो. सरदार सरोवराने कोणाला पाणी मिळाले आणि कोणाची गावे बुडाली, हा नागरिकशास्त्राचा प्रश्न होय आणि त्याच्या दोन्ही बाजू मुलाने वाचल्या पाहिजेत. पावसाळ्यातील गढूळ पाणी काचेच्या बरणीत ठेवून आधी वाळू आणि मागाहून बारीक गाळ कसा बसतो हे पाहणे व थरांची जाडी मोजून लिहिणे, हे विज्ञान. शेवटी हे सारे मुलाने आपल्या शब्दांत आठ-दहा पाने लिहिले म्हणजे भाषेचाही अभ्यास होतो. चेन्नईतील मुलासाठी नदीच्या जागी समुद्रकिनारा येईल, बिकानेरमधील मुलासाठी वाळवंट.

प्रयोग घरी जमतील काय, ही शंका याच नदीच्या काठी पूर्वीच फिटली आहे. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांमध्ये १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तो सहावी ते आठवीसाठीच होता आणि २००२ पर्यंत चालला. साध्या व स्वस्त साहित्याने मुले स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे स्वतःच्या वहीत लिहीत आणि परीक्षेत पुस्तक व वही उघडण्याची त्यांना मोकळीक असे. ग्रामीण शाळांत जे साधले ते घरात अशक्य मानण्याचे कारण नाही.

योजना लिहून झाली की तिच्याशेजारी दुसरी वही ठेवावी आणि प्रत्यक्षात काय झाले ते रोज चार ओळींत नोंदवावे. दर सहा आठवड्यांनी दोन्ही वह्या मुलासह पाहाव्यात. जे तीनदा राहून गेले ते एक तर अवघड असते किंवा अनावश्यक; त्याचा निर्णय या वेळी व्हावा. या वयाचे मूल आपल्या अभ्यासाविषयी मत देण्याइतके मोठे झालेले असते आणि ज्या योजनेत त्याचा हात असतो ती अधिक टिकते. समवयस्क मुलांचा सहवास मात्र आपोआप मिळत नाही. मैदानावरील सांघिक खेळ, वाचनालय, संगीताचा वर्ग यांना वेळापत्रकात गणिताइतकेच निश्चित स्थान द्यावे.

अखेरचा प्रश्न परतीच्या वाटेचा. शिक्षण हक्क कायद्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. कलम १० नुसार मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. दुसरीकडे, कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळण्याचा व इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला २००२ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे नाव मिळाले. तिच्या मूलभूत शिक्षण कार्यक्रमाचा ‘क’ स्तर आठवीच्या समकक्ष आहे. माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे असून पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात. नोंदणी पाच वर्षे टिकते व विषय एकेक करूनही देता येतात.

म्हणून तेराव्या वर्षीच पालक व मूल यांनी एकत्र बसून पुढील पाच विषय कोणते याचा विचार करावा आणि त्यांची पाठ्यपुस्तके चाळून पाहावीत. जिन्याच्या पायऱ्या पक्क्या असतील, तर चौदाव्या वर्षी मूल शाळेत परतो वा मुक्त विद्यालयाची वाट धरो, ही निवड त्याच्या हाती राहते. ती त्याच्या हाती राहावी, हेच घरच्या अभ्यासक्रमाचे पहिले कर्तव्य होय.