बागुलबुवा आणि घुबडाची पिले

मूल जेवत नाही, झोपत नाही, हट्ट सोडत नाही, असे झाले की बागुलबुवाला पाचारण करावयाचे, ही आपल्या घरांतील फार जुनी रीत आहे. बागुलबुवा हाताशी नसेल तर गल्लीतील कुत्रा, परसातील बोका किंवा पिंपळावरचे घुबड त्याची जागा घेते. मूल निमूटपणे घास गिळते आणि काम झाले म्हणून मोठी माणसे संतोष पावतात. परंतु त्या घासाबरोबर मुलाने जे भय गिळलेले असते, त्याचे पुढे काय होते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. रात्री दिवा मालवला की ते भय पुन्हा वर येते. आणि तेच मूल एकटे न्हाणीघरापर्यंत जाईनासे झाले, म्हणजे त्याला ‘भित्रा’ म्हणून हसावयास आपण मोठी भावंडे पुढे असतोच.

चार वर्षांच्या मुलाला भीती, मत्सर, राग, विरह हे सारे मोठ्या माणसाइतकेच, किंबहुना अधिक जोराने जाणवते. त्याच्यापाशी नसतात ते शब्द. हे शब्द, आणि शब्दांच्याही आधी त्या भावनेचे एखादे डोळ्यांना दिसेल असे रूप, मुलाच्या हाती देण्याचे काम गेल्या सव्वाशे वर्षांत प्राण्यांच्या सचित्र गोष्टींनी केले आहे. बागुलबुवाच्या नेमके उलट असे हे काम आहे.

प्राण्यांच्या गोष्टी आपणांस नव्या नाहीत. अमरशक्ती राजाच्या तीन मूढ पुत्रांना शहाणे करण्यासाठी विष्णुशर्म्याने पंचतंत्र सांगितले, अशी कथा आहे. पण त्यातील सिंह, ससा, कोल्हा हे राजनीतीचे मुखवटे होत. भर पाण्यात मगरीच्या पाठीवर बसलेल्या माकडाला आपले काळीज मागितले जात आहे हे कळते, तेव्हा त्याच्या पोटात कसा गोळा उठला असेल, यात विष्णुशर्म्याला गोडी नाही. माकडाने युक्ती कोणती काढली, यात आहे. राजपुत्रांना तेच हवे होते. पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या मुलाची गरज मात्र वेगळी असते.

ही वेगळी गरज ज्या पुस्तकाने ओळखली, त्याचा जन्म एका पत्रात झाला. इंग्लंडमधील बीट्रिक्स पॉटर या चित्रकर्त्रीच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. ४ सप्टेंबर १८९३ रोजी तिने त्याला पत्र लिहिले. आणि काय लिहावे ते सुचेना म्हणून त्यात चार सशांची गोष्ट रेखाचित्रांसह घातली. पुढे या गोष्टीचे पुस्तक करावयास अनेक प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न यांनी ते रंगीत चित्रांसह काढले. तोच ‘पीटर रॅबिट’.

आईने बजावले असतानाही पीटर मॅकग्रेगरच्या मळ्यात शिरतो. याच मळ्यात त्याच्या बापाचा घात होऊन त्याचे खाद्य झालेले असते! मळेवाला पाठीस लागतो, जोडे गळून पडतात, फळझाडावरील जाळ्यात निळ्या कोटाची मोठी बटणे अडकतात. तेथे पीटर आशा सोडून रडू लागतो, आणि चिमण्या उडत येऊन ‘प्रयत्न कर’ म्हणून त्याची विनवणी करतात. कोट तेथेच टाकून तो निसटतो. पुढे एका बंद दारापाशी तो पुन्हा रडत उभा राहिलेला दिसतो. ते चित्र एकदा अवश्य पाहावे. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवलेला, पंजा तोंडाशी. हरवलेले मूल जत्रेत असेच उभे असते. घरी पोचल्यावर आई त्याला काढा पाजून निजवते; लांबलचक उपदेश करीत नाही. पुस्तकातील शब्द थोडे आहेत. भयाचा पुष्कळसा भाग चित्राने सांगितला आहे. मोठे माणूस अक्षरे वाचत असते तेव्हा अक्षरशत्रू मूल चित्र वाचत असते, आणि नकोसे पान भरभर उलटण्याचे किंवा हव्या त्या पानावर परत येण्याचे स्वातंत्र्य त्याच्या हाती असते. बागुलबुवाचे पान असे उलटता येत नाही.

या जातीचे माझे सर्वांत आवडते पुस्तक मार्टिन वॉडेल यांनी लिहिलेले व पॅट्रिक बेन्सन यांनी चितारलेले, घुबडाच्या पिलांचे. ते १९९२ साली निघाले. घुबड म्हणताच आपल्याकडे आजीबाई खिडकी लावून घेतील; पण येथे भय दाखविणारा पक्षीच भ्यालेला आहे. झाडाच्या ढोलीत तीन पिले रात्री जागी होतात. पाहतात तो आई नाही. थोरली सारा तर्क करते, की आई शिकारीला गेली असेल. मधला पर्सी तिची री ओढतो. धाकटा बिल मात्र आई हवी, एवढे एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणतो. भोवती बारीक रेघांनी भरलेला दाट काळोख, आणि त्यात तीन पांढरे गोळे. आधी प्रत्येक जण आपापल्या जागी बसतो. मग भीती वाढते तसे तिघे एकाच फांदीवर चिकटून बसतात. आईला कोल्ह्याने तर धरले नसेल, ही शंकाही ते बोलून दाखवितात. शेवटी आई येते.

लेखकाने बिलचे तोंड कोठेही बंद केलेले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेच ते काय बोलतोस, असे म्हणून त्याला कोणी गप्प करीत नाही. ऐकणारे मूल कधी सारा होते, कधी बिल होते. आणि ‘मी घाबरलो’ हे स्वतःविषयी न बोलता बिलविषयी बोलते. प्राण्याचा उपयोग हा असा आडोशासारखा आहे.

मात्र हा आडोसा सर्वच कामांना चालत नाही. टोरांटो येथील संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याजवळचे दुसऱ्याला द्यावे, हे शिकविणारी एकच गोष्ट काही मुलांना कपडे घातलेल्या रॅकून प्राण्यांच्या चित्रांसह, तर काहींना माणसांच्या चित्रांसह वाचून दाखविली. माणसांची गोष्ट ऐकलेली मुले नंतर आपल्याजवळची चिकटचित्रे अधिक उदारपणे वाटू लागली. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्या मुलांत ही वाढ दिसली नाही. मला यात विसंगती वाटत नाही. ज्या अंतरामुळे उपदेश मुलाच्या अंगाला लागत नाही, त्याच अंतरामुळे मनातील भय बोलून दाखविणे त्याला सोपे जात असावे.

रसेल होबन यांच्या १९६० च्या पुस्तकातील फ्रान्सिस ही बॅजर जातीच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याची मुलगी. झोप येत नाही म्हणून तिला खोलीत वाघ दिसतो, राक्षस दिसतो, पडदा हलतो. वाऱ्याचे काम पडदे हलविणे, माझे काम कचेरीत जाणे व तुझे काम झोपणे, असे बाप समजावतो. ही युक्ती नामी आहे. पण न झोपलीस तर मार बसेल, असेही तो सुनावतो, आणि तेथे बागुलबुवाच मागील दाराने आत येतो, असे माझे मत आहे. गार्थ विल्यम्स यांची चित्रे मात्र त्या दटावणीपेक्षा पुष्कळ मायाळू आहेत.

अशी पुस्तके सर्वांना मिळतीलच असे नाही. गतवर्षी माझ्या चार वर्षांच्या भाचीला मी चिऊ-काऊची गोष्ट सांगत होतो. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दाराशी भिजत उभा होता, आणि चिमणीची कामे संपत नव्हती. भाचीने मध्येच विचारले, “मामा, कावळ्याची आई कुठे गेली?” गोष्टीत कावळ्याला आई नाही. भाचीची आई तीन दिवसांपासून इस्पितळात होती, आणि तोवर तिने त्याविषयी अवाक्षर काढले नव्हते. मी म्हटले, “निघाली आहे ती. पंख भिजलेत, म्हणून हळूहळू येते आहे.” मग तिने पाटी आणून दिली व कावळ्याची आई काढावयास लावली. माझी चित्रकला यथातथाच. कावळी कोंबडीसारखी दिसत होती. भाचीने खडू घेऊन तिच्या पोटाशी एक लहानसा ठिपका काढला, आणि ती पाटी उशाशी ठेवून झोपी गेली.