उष्णता-पंप : घर थंड ठेवण्याचे व पाणी तापविण्याचे साधन

महाड तालुक्यातील वीर व आसपासच्या गावांत चैत्र-वैशाखातील दुपारी घरात बसवत नाही. उन्हाइतकाच हवेतील दमटपणाही माणसास हैराण करतो. पावसाळ्यात मात्र पाणचुलीसाठी कोरडे सरपण मिळणे कठीण होते. या दोन्ही अडचणींवर एकाच तत्त्वाने चालणारी यंत्रे आज मिळतात. त्यांस उष्णता-पंप म्हणतात. ती घेण्यापूर्वी त्यांचे कार्य समजावून घेतल्यास पैशाचा अपव्यय टळेल.

तत्त्व

पाणी आपोआप उताराकडे वाहते. विहिरीतून वर आणावयाचे तर पंप लागतो. हा पंप पाणी निर्माण करीत नाही, केवळ उपसतो. उष्णतेचेही तसेच आहे. ती आपोआप उष्ण जागेकडून थंड जागेकडे जाते. उलट दिशेने न्यावयाची तर यंत्र हवे. सव येथील झऱ्याची उष्णता हाताला लागते. साध्या हवेतही उष्णता असतेच, परंतु ती उपसावी लागते.

यंत्राच्या नळ्यांत एक शीतक द्रव्य फिरते. एका बाजूस त्याची वाफ होताना ते उष्णता शोषते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तेव्हा ती तापते. दुसऱ्या बाजूस तिचा पुन्हा द्रव होताना उष्णता बाहेर पडते. फ्रीजची मागील बाजू ऊन लागते, ती यामुळेच. झुरिक येथे १९३८ साली अशाच यंत्राने नदीच्या पाण्यातील उष्णता उपसून नगरभवन उबदार ठेवले गेले.

घर थंड करणे

वाळ्याचे ओले पडदे व पाण्याचा कूलर विदर्भाच्या कोरड्या हवेत उपयोगी पडतात. कोकणातील हवा आधीच दमट असल्याने पाण्याची वाफ पुरेशी होत नाही व खोलीत ओलसरपणा मात्र वाढतो. वातानुकूलन यंत्र हा उष्णता-पंपच होय. ते उष्णतेबरोबर हवेतील ओलही काढून टाकते. एक टनाचे यंत्र तासाला सुमारे साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकते व त्यास साधारण एक युनिट वीज लागते.

विहीर जितकी खोल तितका पंपावर भार अधिक. त्याचप्रमाणे खोली जितकी जास्त थंड करावी तितकी वीज अधिक लागते. म्हणून यंत्र २० अंशांऐवजी २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. त्याआधी पत्र्याखाली छत घालावे, पत्र्यास पांढरा लेप द्यावा, पश्चिमेकडील भिंतीवर सावली करावी. आत येणारी उष्णता अडविणे हे ती उपसण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

पाणी तापविणे

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास साध्या विजेच्या हीटरला सुमारे २.३ युनिट वीज लागते. उष्णता-पंप तेच काम साधारण ०.८ युनिटात करतो, कारण उरलेली उष्णता तो हवेतून घेतो. पावसाळ्यात आकाश झाकोळले म्हणजे सौरबंब निरुपयोगी ठरतो; परंतु कोकणातील हवा तेव्हाही उबदार असल्याने हा पंप चांगला चालतो. त्याची किंमत अधिक असल्याने लहान कुटुंबापेक्षा वसतिगृह, रुग्णालय यांसारख्या ठिकाणी तो लवकर परवडतो.

घ्यावयाची काळजी

१. बाहेरील भाग मोकळ्या हवेत, सावलीत बसवावा. कोंडलेल्या जागेत उष्णता बाहेर जात नाही.

२. जुलै २०२१ मध्ये महाडला आलेला महापूर ध्यानी घेऊन यंत्र पुराच्या खुणेपेक्षा उंचावर ठेवावे.

३. अर्थिंग पक्के करावे. काही शीतके ज्वालाग्राही असतात. म्हणून नळ्या माहितगार कारागिराखेरीज कोणीही उघडू नयेत.

४. जाळी वेळोवेळी धुवावी.

५. खरेदी करताना ताऱ्यांची संख्या पाहावी. तारे अधिक म्हणजे तेवढ्याच कामास वीज कमी.

ग्रामकार्यकर्त्यांनी ही माहिती बैठकीत सांगताना प्रथम छप्पर व सावली यांचा विचार मांडावा, यंत्राचा त्यानंतर. घराची निगा आधी राखली, तर लहान यंत्रही पुरे पडते व विजेचे बिल आवाक्यात राहते.