मुरूम लागेपर्यंत

मुलगा पुण्याला काय करतो, असे आमच्या यवतमाळकडे एखाद्या कास्तकाराला विचारले, की बहुधा उत्तर मिळते, ‘कॉम्प्युटरवर बसते.’ मुलगा सॉफ्टवेअर इंजिनीअर असतो. पुसदला १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढे यवतमाळातही निघाले, आणि ही पदवी खेड्यापाड्यांतल्या घरांत पोचली. पण पूल बांधणारा इंजिनीअर कळतो. खुर्चीवर बसून टंकणाऱ्याला इंजिनीअर का म्हणायचे? मी या मुलांना शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे, आणि जुनाही. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश या गावी नाटोच्या पुढाकाराने पन्नासेक जाणकार जमले. संगणकांची ताकद झपाट्याने वाढत होती, पण त्यांच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावली उशिरा, खर्च वाढवून आणि चुकांसकट हाती पडत होत्या. परिषदेला ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’ हे नाव मुद्दाम दिले होते. जरासे डिवचण्यासाठीच म्हणा ना. पूल बांधणाऱ्याची शिस्त या कामाला का नसावी, असा त्यातला सवाल.

ती शिस्त म्हणजे काय? आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर थेट भिंत उभी केली तर भिंतही भेगाळते. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणतो. ते खणणे नंतर कुणाला दिसत नाही. आज्ञावली लिहिणे हे विटा रचण्यासारखे आहे. खरी अभियांत्रिकी त्याच्या आधी आणि नंतर असते : नेमके काय हवे ते विचारणे, आराखडा करणे, लहान प्रमाणावर तपासून पाहणे आणि मग वर्षानुवर्षे डागडुजी करणे.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. आमच्या कापसाच्या जिल्ह्याला तिचे मोल सांगायला नको. अर्ज ऑनलाइन भरायचे होते, बँकांनी ६६ रकान्यांत माहिती द्यायची होती. ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, पहिली यादी आली आणि एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकरी असल्याचे उघड झाले. पैसे जमा होणे लांबले. दोष बँकांचा की संगणकाचा, यावर पुष्कळ वाद झाला. तो राजकारण्यांवर सोडू.

मला त्यात दिसते ते वेगळेच. सुरुवातीच्या नियमांत माफीचा घटक ‘कुटुंब’ होता : पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुले. तुम्हाआम्हाला कुटुंब कळते, संगणकाला कळत नाही. नवऱ्याचे कर्ज जिल्हा बँकेत, बायकोचे दुसऱ्याच बँकेत, सातबाऱ्यावर गणपत आणि आधारवर गणपतराव. ही सारी एकाच घरची माणसे, हे त्याला कोणी सांगायचे? आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो. टंकताना एखादा अंक चुकला तर यंत्राला लगेच कळावे, म्हणून. पण बरोबर क्रमांक दहा जणांपुढे लिहिला तर हे गणित काहीच बोलत नाही. त्यासाठी ‘हा क्रमांक आधी आला आहे का?’ ही वेगळी तपासणी लागते. लिहायला ती चार ओळींची आहे. ती लागेल हे आधी सुचणे, ही इंजिनीअरची कमाई.

डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची दुसरी कर्जमुक्ती जाहीर झाली. या वेळी शेतकऱ्याने अर्ज भरायचा नव्हता, आणि घटक कुटुंब नव्हे, एकेक शेतकरी होता. कोडे निम्मे सुटले ते संगणकाच्या बाहेरच! २४ फेब्रुवारी २०२० ला जी पहिली यादी निघाली ती फक्त ६८ गावांची, १५,३५८ खात्यांची. साऱ्या राज्यावर एकदम हात घालण्याआधी घेतलेली ही चाचणी. यादीतल्या विशिष्ट क्रमांकासह केंद्रावर जायचे, अंगठा लावायचा, आपली रक्कम पाहायची. ती पटली नाही तर तसे नोंदवायची सोय होती; मग तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाई. यंत्राचे चुकू शकते, हे आधीच धरून ठेवलेली ही जागा मला सर्वांत मोलाची वाटते. दीड-दोन लाखांचा आकडा चुकला तर पुढच्या हंगामाचे पीककर्ज अडते, आणि मग बियाण्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागते.

आता पहिल्या तासाला मी मुलांना संगणकासमोर बसवत नाही. गावच्या सोसायटीतून पीककर्जाच्या अर्जाचा कोरा नमुना आणा आणि प्रत्येक रकान्यात काय काय चुकू शकते ते वहीत लिहा, असे सांगतो. शेतकऱ्यांची पोरे यात शहरी मुलांच्या पुढे असतात. कुणीतरी हमखास विचारते, ‘सर, कर्ज घेणारा वारला असेल तर कोणाचं नाव लिहायचं?’ त्या प्रश्नावरच आमचे दोन तास जातात.