जिताड्याच्या पिलांना दिवसातून किती वेळा भरवावे?

श्रोतेहो, तान्ह्या मुलाला दिवसाचे सारे दूध सकाळी एकदाच पाजून कोणी आई कामाला जाते का? नाही. पोट इवलेसे आणि वाढ झपाट्याची, म्हणून थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा पाजावे लागते. समुद्रात वा खाडीत पिंजरे टाकून मासे पाळणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावयाचे आहे.

२००७ साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विशाखापट्टणमजवळ समुद्रात पिंजरा सोडून त्यात जिताडा वाढवला. पुढे कोकणच्या खाड्यांतही असे पिंजरे आले. अलिबाग-पेणकडच्या मंडळींना जिताडा काही नवा नाही. तळ्यात तो त्यांच्याकडे पूर्वीपासून पाळतात. पण तळ्यातला जिताडा आपले भक्ष्य स्वतः शोधतो. पिंजऱ्यातला मात्र सर्वस्वी आपल्या हाताकडे पाहत असतो.

जिताडा हा मांसाहारी आणि मोठा खादाड. दहा सेंटिमीटरचे पिलू सहा सेंटिमीटरच्या भावंडाला सहज गिळते. त्यामुळे पुष्कळदा असे होते की, हजार पिले सोडावीत, महिन्याने मोजावीत, तो सहाशेच भरतात! जाळे फाटलेले नाही, मेलेला मासा तरंगलेला नाही. पालकाला वाटते, चोरी झाली. चोरी झालेली असते खरी, पण चोर पिंजऱ्यातच असतो.

आता याचा खाण्याच्या वेळांशी काय संबंध? समजा, दिवसाचे खाद्य आपण एकदाच टाकले. दांडगी पिले पुढे घुसतात आणि पोटभर खातात. दुबळी मागे राहतात, आणि राहिलेले खाद्य जाळ्यातून खाली निघून जाते. दुसऱ्या दिवशी दांडगी अधिक दांडगी होतात, दुबळी अधिक दुबळी. फरक वाढला की गिळणे सुरू झालेच. तेच खाद्य पाच वेळा वाटून दिले, तर दांडग्यांची पोटे लवकर भरतात, ती बाजूला होतात आणि मागच्यांनाही वाटा मिळतो.

इथे एक गैरसमज दूर करावयास हवा. जास्त वेळा म्हणजे जास्त खाद्य नव्हे! शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. पाच ग्रॅमची हजार पिले म्हणजे पाच किलो वजन. वजनाच्या शेकडा आठ या हिशेबाने दिवसाला चारशे ग्रॅम कोरडे दाणेदार खाद्य लागते. पाच वेळा द्यावयाचे, तर दर वेळी ऐंशी ग्रॅम. एकूण खाद्य तेवढेच राहिले. बदलली ती वाटणी.

पिले मोठी होतील तसतशा वेळा कमी कराव्यात. अगदी लहान असताना दिवसाउजेडी चार ते सहा वेळा, बोटाएवढी झाल्यावर तीन वेळा, आणि शंभर ग्रॅमच्या पुढे सकाळ-संध्याकाळ मिळून दोनदा पुरते. वजनाशी खाद्याचे प्रमाणही उतरत जाते. मोठ्या माशाला शेकडा दोन-तीन पुष्कळ झाले. म्हणून दर पंधरवड्याला थोडे मासे तोलावेत आणि हिशेब नवा करावा. त्याच वेळी लहानमोठी पिले वेगळी करावीत. भरवण्याच्या वेळा कितीही नीट पाळल्या, तरी ही प्रतवारी चुकवून चालत नाही.

किती वेळा याइतकेच केव्हा हेही महत्त्वाचे. पहाटे पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि खाल्लेले पचवायला माशाला प्राणवायू अधिक लागतो. म्हणून ऊन वर आल्यावर पहिला घास द्यावा. भरती-ओहोटीचा ओढ जोरात असताना खाद्य टाकाल, तर ते शेजारच्या गावाला जाईल! पाणी थबकते तेव्हा टाकावे. उधाणाच्या दिवसांत याकडे विशेष लक्ष ठेवावे. पाणी गढूळ असेल, तर माशाला खाद्य दिसत नाही. त्या दिवशी हात आखडता घ्यावा.

आणि घड्याळापेक्षा माशाकडे पाहावे. जिताडा वर येऊन झडप घालतो; तळाशी गेलेले सहसा खात नाही. म्हणून मूठ मूठ टाकावी. झडपा मंदावल्या की थांबावे, मापात खाद्य उरले असले तरी. पिले वरच आली नाहीत, तर जबरीने न भरवता पाणी आणि जाळे तपासावे. जाळ्याची भोके शेवाळाने बुजली असतील, तर आतले पाणी कोंडते.

या धंद्यात निम्म्याहून अधिक पैसा खाद्यावर जातो. तो समुद्राच्या तळाला घालवायचा की माशाच्या अंगी लावायचा, हे पहिल्या दोन महिन्यांत ठरते. तेवढे दिवस पिंजऱ्यावर घरच्या माणसाचा हात आणि डोळा असू द्या. हजारांतली नऊशे पिले हाती लागली, तर ती त्या पाच वेळच्या फेऱ्यांचीच कमाई समजा.