विश्लेषण : खेळाडू जवान शहीद झाला, तर खेळाचा सन्मान होतो का?

अमेरिकेत पॅट टिलमनचा झाला. व्यावसायिक फुटबॉलचा करार नाकारून तो २००२ मध्ये सैन्यात गेला, २००४ मध्ये अफगाणिस्तानात मारला गेला. क्लबने त्याचा ४० क्रमांक दुसऱ्या कोणालाही दिला नाही. (गोळी आपल्याच बाजूची होती, हे लष्कराने आधी दडवले, ते वेगळे.)

आपल्याकडे व्यावसायिक खेळाडू सहसा सैन्यात जात नाही. पण जवानांत खेळाडू भरपूर. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक सैनिक स्कूलचे विद्यार्थी, बॉक्सर आणि फुटबॉलचे गोलरक्षक. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना ते शहीद झाले, तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख होते. मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले, ते लढाईतल्या शौर्यासाठी. त्यात गोलरक्षक कुठे येत नाही. पत्नी स्वाती शिक्षिका होत्या. वयाची अट शिथिल करून घेऊन, चेन्नईत प्रशिक्षण पुरे करून २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या.

कोल्हापूर तर पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या फुटबॉलचे शहर, आणि सैनिक टाकळी याच जिल्ह्यात. शाहू स्टेडियमवर उत्कृष्ट गोलरक्षकाचा चषक महाडिकांच्या नावाने दिला, तर शोभेल.